चोवीस व्होल्ट आत, पाच बाहेर, मधे आम्ही

चोवीस व्होल्टचे पाच करून देणारा कन्व्हर्टर डिझाइन करायला वेळ का लागतो, हे नाशिकच्या अंबड एमआयडीसीत कुणालाच पटत नाही. "सॉफ्टवेअर आहे ना साहेब! आकडे टाका, बटण दाबा." बटणाबद्दल माझी तक्रार नाही, ते उत्तम दाबलं जातं. छळ आहे तो बटणाआधीच्या चौकटींत.

पहिली चौकट इनपुटची, किमान आणि कमाल. लोक दोन्हीकडे बिनधास्त 24 ठोकतात. ट्रकवर इंजिन चालू झालं की तिथं 28 असतात. शिवाय लांब वायर चालू सप्लायला खटकन जोडली, की इनपुटच्या सिरॅमिक कपॅसिटरशी (वीज साठवणारा भाग) तिचं बिनसतं आणि व्होल्टेज क्षणभर दुपटीजवळ उडी मारतं. म्हणून चिप 60 व्होल्टची घ्यावी. पुढे आउटपुट 5 व्होल्ट, 3 अँपिअर. एवढं भरलं की वधू-वर सूचक मंडळासारखी तयार डिझाइनची यादी येते. सगळे 92 टक्के कार्यक्षम, सगळे सडपातळ, खोड एकालाही नाही.

खोड तापमानाच्या चौकटीत लपलेली असते. तिथं आधीच 30 अंश लिहून ठेवलेले असतात. लिहिणारा एप्रिलात नाशकात आलेला नसावा. उन्हातल्या बंद पॅनलमध्ये 60 सहज होतात. 15 वॅटला 92 टक्के म्हणजे 1.3 वॅट नुसती उष्णता. त्यातला 1 वॅट चिपमध्ये धरा, बोर्डावर वॅटमागे 50 अंश चढतात असं धरा, म्हणजे चिप 110 वर. मर्यादा 125. स्क्रीनवर मात्र गारेगार 80!

आउटपुटला 22 मायक्रोफॅरडचा, 6.3 व्होल्टचा छोटा सिरॅमिक कपॅसिटर सुचवला असेल, तर 5 व्होल्ट लागताच त्याची क्षमता निम्म्यावर येते. 16 व्होल्टचा, एक साइज मोठा घ्यावा.

आता इंडक्टर, म्हणजे प्रवाहाला एकदम उड्या मारू न देणारं तारेचं वेटोळं. 400 किलोहर्ट्झला, 1 अँपिअर रिपल (प्रवाहाचा चढउतार) धरून, 10 मायक्रोहेन्री येतात. शिखर प्रवाह साडेतीन अँपिअर, पण सॅच्युरेशनचा आकडा, म्हणजे ज्या प्रवाहाला इंडक्टर हात टेकतो तो, चिपच्या करंट लिमिटच्या (चिप जास्तीत जास्त जाऊ देते त्या प्रवाहाच्या) वर हवा, म्हणजे इथं 5 अँपिअरच्या पुढे. सॅच्युरेट झालेला इंडक्टर हा इंडक्टर उरत नाही, महागडी तार होते.

हे सगळं जमवून यादी परचेसला जाते. दुसऱ्या दिवशी तिकडून हसतमुख निरोप येतो: "साहेब, तुमचा इंडक्टर महिनाभर मिळणार नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून दुसरा निम्म्या भावात मागवलाय. दोन अँपिअरचा आहे, पण 10 मायक्रोहेन्री म्हणजे 10 च ना?"