आता काय दिसतंय, मामा?

माझा मॉनिटर डोळा मारतो, ही गोष्ट पहिले आठ दिवस मी घरात कुणाला सांगितलीच नाही. पन्नाशी उलटल्यावर असलं काही सांगितलं की लोक मॉनिटरकडे बघत नाहीत, आपल्याकडे बघतात.

व्हायचं असं, की काम करता करता स्क्रीन क्षणभर काळी पडायची आणि मग काही झालंच नाही अशा चेहऱ्याने परत यायची. त्यातही अडचणीची वेळ तिला बरोबर कळे. एक्सेलमध्ये बेरीज जुळत नसली, डोकं तापलेलं असलं, की हमखास. गाणी लावून निवांत बसलो की तासन् तास गुण्यागोविंदाने चालायची.

"अहो, पाय हलवू नका. टेबल हलतंय," बायको पलीकडून म्हणाली. हे वाक्य मी लग्नापासून ऐकतोय, त्यामुळे ते आता ऐकू येत नाही.

शेवटी भाच्याला फोन लावला. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तो म्हणाला, "ड्रायव्हर अपडेट करा, मामा." या पोरांचं सगळ्या दुखण्यांवर एवढंच औषध.

ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर आणि ग्राफिक्स कार्ड (मॉनिटरला चित्र पाठवणारा भाग) यांच्यामधला दुभाषा, हे त्यानेच समजावलं. माझ्या स्क्रीनवर १९२० गुणिले १०८० ठिपके आहेत. म्हणजे २० लाख ७३ हजार ६००. ते सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवायचे. गुणाकार केला तर सेकंदाला १२ कोटी ४४ लाख १६ हजार ठिपके. एवढा उपद्व्याप कशासाठी, तर मी न जुळलेल्या बेरजेकडे बघत बसावं म्हणून.

आधी जुना ड्रायव्हर काढायचा, मग नवा घालायचा. जुना काढला आणि स्क्रीन १०२४ गुणिले ७६८ वर आली. चौकोनी चित्र लांबट पडद्यावर ताणून बसवल्यामुळे स्क्रीनवर लावलेल्या फोटोतलं सगळं कुटुंब एकदम आडवं झालं. मी तर फारच सुखवस्तू दिसत होतो. क्षणभर वाटलं, राहू द्यावं असंच.

नवा ड्रायव्हर बसला. पाच मिनिटांत मॉनिटरने डोळा मारला.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण सेटिंगमध्ये 'रिफ्रेश रेट', म्हणजे सेकंदाला किती वेळा रंगवायचं, याची यादी दिसली. त्यात ६० होतं आणि ७५ होतं. ७५ म्हणजे जास्त, जास्त म्हणजे चांगलं, एवढ्या विचारावर मी ते दाबलं. स्क्रीन गेली.

आता अशा वेळी विंडोजने एक शहाणपणाची सोय केलेली आहे. बदल ठेवायचे का, असं विचारून ती १५ सेकंद वाट बघते आणि उत्तर आलं नाही तर गुपचूप पूर्वपदावर येते. म्हणजे मला फक्त १५ सेकंद हात मांडीवर ठेवून बसायचं होतं. मी त्या अंधारात माउस गरागरा फिरवत दिसेल तिथे, म्हणजे न दिसेल तिथे, क्लिक करत सुटलो. त्यातली एक क्लिक अचूक 'ठेवा'वर बसली.

पुन्हा फोन.

"आता काय दिसतंय, मामा?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे काय?"

"अरे, काळं!"

"कसलं काळं?"

काळं एकाच जातीचं असतं, अशी तोवर माझी समजूत होती. पण एक असतं मागचा दिवा चालू असलेलं, किंचित करडं काळं. म्हणजे मॉनिटर जागा आहे पण चित्र पोचत नाही. दुसरं पार विझलेलं. म्हणजे तो झोपलाय. तिसऱ्यात कोपऱ्यात एक रेघ लुकलुकते. चौथ्यात नुसता माउसचा बाण फिरतो. म्हणजे मालक आलेत, सामान यायचंय. आपलं कुठलं, हे कळायला खोलीतला दिवा घालवून बघा, असं भाच्याने सांगितलं. बायको आत आली तेव्हा मी मिट्ट काळोखात मॉनिटरला नाक लावून फोनवर सांगत होतो, "थोडा उजेड वाटतोय रे, पण आत कुणी दिसत नाही." ती काही न विचारता परत गेली.

"कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो?"

"लागतो."

"म्हणजे धुगधुगी आहे. आता विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी, चारही एकदम."

फोन खांद्यात, बोटं फाकलेली. आतून 'टुक्' असा आवाज आला. याने ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो म्हणे. झालाही असेल, पण ७५चा आकडा जिथल्या तिथे होता.

मग पुढचा उपाय. कॉम्प्युटर सुरू होत असतानाच बटण दाबून धरायचं आणि बंद पाडायचा. असं लागोपाठ दोन-तीनदा केलं की तो स्वतःच घाबरून दुरुस्तीचं पान दाखवतो. नीट शटडाउन करा म्हणून ज्याने मला इतकी वर्षं दटावलं, त्याचा असा तीनदा गळा दाबल्यावर तो म्हणाला, बोला, काय मदत करू? ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट. "३ दाबा, मामा. लो रिझोल्यूशन." दाबलं. एकेक आयकॉन मुठीएवढा, पण चित्र आलं. (१९८७ साली स्क्रीनवरच्या चित्राचं व्हीजीए हे मानक आलं तेव्हा ६४० गुणिले ४८०मध्ये लोकांना केवढं अप्रूप होतं!) मुकाट्याने ६० केलं.

पाच मिनिटं गेली. डोळा.

"केबल काढून परत लावा," भाचा म्हणाला. त्याचाही आवाज आता उतरला होता. मी टेबलाखाली शिरलो, केबल काढली, फुंकर मारली, लावली. बाहेर येऊन बघतो तर 'नो सिग्नल'ची चौकट स्क्रीनभर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरायला निघालेली. मागच्या बाजूचा फोटो काढून पाठवला.

"मामा, ते वरचं उभं भोक मदरबोर्डचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य पाटीचं. आपलं कार्ड खाली आहे. आडवी भोकं बघा."

पुन्हा टेबलाखाली. या खेपेला बायको खुर्चीत बसली, वरून वार्ता द्यायला.

"आलं." मी जरा सरकलो. "गेलं." श्वास रोखला. "आलं. अहो, आता परत गेलं! काय करताय काय?"

काहीच करत नव्हतो. माझं कोपर केबलला लागत होतं. टॉर्च मारला. केबल टेबलाच्या डाव्या पायाजवळून झोळीसारखी खाली लोंबत होती आणि जमिनीपासून चार बोटांवर ती एकाच जागी घासून तुळतुळीत झाली होती. त्या जागेसमोर माझा डावा पाय असतो. गाणी ऐकताना तो स्वस्थ असतो. बेरीज जुळली नाही की हलतो.

जुन्या व्हीजीए केबलला दोन्ही बाजूंना स्क्रू असायचे. ते एकदा पिळून बसवले की केबल ओढली तर टेबल सरकेल, पण केबल सुटायची नाही. माझी केबल नव्या जातीची, एचडीएमआय. तिला स्क्रू नाही. ती नुसती खाचेत बसते, भरवशावर.

केबल आत दाबली, वर घेऊन टेबलाच्या पायाला सुतळीने बांधली. बेरीज उघडली. तासभर जुळली नाही आणि तासभर स्क्रीन हलली नाही.

रात्री भाच्याचा फोन. "शेवटी काय निघालं, मामा?"

बायको समोरच बसली होती. मी घसा साफ केला.

"ड्रायव्हरच," म्हणालो आणि डावा पाय उचलून खुर्चीवर मांडी घालून बसलो.