१९८२ची यादी आणि एक न सापडणारी तारीख

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: '१९८२ साली देशात काय घडलं' असं नाव देऊन मी यादी मांडली, पण अर्धा लेख कापड गिरण्यांच्या संपावर खर्च केला, तो मुंबईच्या चार वस्त्यांचा प्रश्न होता, दिल्लीचं एशियाड दोन ओळींत उरकलं, विनोबांचं तर नावही नाही. आणि जो संप फसला, त्याला एवढं डोक्यावर कशाला घ्यायचं?

विनोबांबद्दलचा राग रास्त आहे. १५ नोव्हेंबरला पवनारला, अन्न आणि औषध सोडून, त्यांनी देह ठेवला. हे माझ्याकडून सुटायला नको होतं. माफी असावी.

पण तो दिवस दिवाळीतला होता, आणि गिरणगावातली ती पगाराविना आलेली पहिली दिवाळी. मी तेव्हा चौथीत होतो. आमच्या लालबागच्या खोलीत आईने रेशनच्या रव्याचे लाडू केले, मोजून अकरा. तांब्याचा हंडा गणपतीच्या आधीच मोडीत गेला होता. तो ठेवायची मोरीवरची फळी आईने रिकामीच ठेवली, दुसरं काही तिथे मांडू दिलं नाही. वडील गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. सकाळी पाळीच्या वेळेला ते उठून बसत आणि कपडे घालून नाक्यावर जात. जायला दुसरी जागा नव्हती.

वाद पेटला तोही दिवाळीच्याच बोनसवरून, १९८१च्या. कामगार आपणहून कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांकडे गेले आणि १८ जानेवारी १९८२पासून सुमारे अडीच लाख माणसं कामाबाहेर राहिली. मागणी नुसत्या पगारवाढीची नव्हती. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने गिरणी कामगारांच्या वतीने बोलायचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनला होता, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. कामगार दुसऱ्याच्या मागे गेले तरी वाटाघाटीच्या टेबलावर खुर्ची त्याच संघाची. तो कायदा जावा, हीसुद्धा मागणी होती. आपल्या वतीने कोणी बोलायचं हे कामगाराने ठरवायचं की कायद्याने, हा प्रश्न तुम्हाला चार वस्त्यांचा वाटतो का?

आणि ती माणसं तरी कुठली होती? रत्नागिरीची, सिंधुदुर्गाची, साताऱ्याची, कोल्हापूरची, उत्तर प्रदेशातली. लालबाग-परळच्या पोस्टातून दर महिन्याला निघणारी मनीऑर्डर थांबली की चूल थंड व्हायची ती तिकडे. आमच्या चाळीतल्या निम्म्या खोल्यांना त्या मे महिन्यात कुलपं लागली, माणसं गावी गेली. जी राहिली ती खानावळीत उधारीवर जेवली. खानावळ चालवणाऱ्या बायकांनी ते पैसे कुठून उभे केले असतील, याचा हिशेब मला आजवर कोणी मांडून दाखवलेला नाही. ऑगस्टमध्ये त्याच शहरात पोलिसांनी बंड केलं, लष्कर बोलवावं लागलं. हेही त्याच वर्षातलं, आणि यादीत क्वचित दिसतं.

एशियाडचं म्हणाल तर ते मोठंच होतं. ३३ देश, बोधचिन्ह म्हणून अप्पू हत्ती, आपली ५७ पदकं, हॉकीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानकडून ७-१ अशी हार. १५ ऑगस्टपासून दूरदर्शन रंगीत झालं होतं. आम्ही तो सामना मजल्यावरच्या एकुलत्या कृष्णधवल संचावर पाहिला, दारापर्यंत माणसं दाटून. चौथ्या गोलनंतर वडील उठून गॅलरीत गेले ते परत आले नाहीत. एशियाडला माझा विरोध नाही. १९ नोव्हेंबरला सुरू झालं, ४ डिसेंबरला संपलं, म्हणून ते यादीत नीट बसतं, एवढंच.

संप फसला, हे खरं आहे. मागण्या पदरात पडल्या नाहीत, हजारोंना परत कामावर घेतलं नाही, त्यांत वडील होते. पण 'सामंतांच्या हट्टाने गिरण्या बुडाल्या' हे तुमचं वाक्य मला मान्य नाही. यंत्रं जुनी झाली होती, मालक त्यांत पैसा घालत नव्हते, भिवंडीचे यंत्रमाग स्वस्तात कापड काढत होते. संपाने मरण जवळ आणलं असेल. आजार आधीचा होता. सामंतांचा अंदाज चुकला हे मीही म्हणतो. मालक आणि सरकार इतके महिने ढिम्म हलणार नाहीत, असं त्यांना वाटलं नसावं. तरीही १९८४ला याच कामगारांनी त्यांना लोकसभेत पाठवलं. पोट मारल्याचा राग असता तर असं झालं नसतं.

तुमच्यामुळे मूळ लेख पुन्हा वाचला आणि तुमच्याही नजरेतून निसटलेली एक चूक सापडली. मी लिहिलं होतं, 'दीड वर्षाने संप मिटला.' तो मिटला नाही. रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. माणसं एकेक करून परत गेली किंवा गेली नाहीत.

आज दोन दुरुस्त्या केल्या आहेत. १५ नोव्हेंबरसमोर विनोबांची नोंद घातली. आणि संपाच्या ओळीतली शेवटची तारीख काढून टाकली. आता तिथे फक्त '१८ जानेवारी १९८२पासून' एवढंच आहे.