मावशीची गोळी आणि ग्रुपवरची बुरशी

अमळनेरला मावशीकडे गेलो, तर कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांची पट्टी मसाल्याच्या डब्यामागे सारलेली. पंधरातल्या अकरा जशाच्या तशा. "बुरशीनी गोयी शे ती, माले नको," म्हणाली. दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसलेली बाई ही!

कारण घरच्या ग्रुपवरचा मेसेज: 'कोलेस्टेरॉलची गोळी बुरशीपासून बनते. बुरशीचं एन्झाइम रक्तात वाढतं, लिव्हर सडवतं. कोरोनातली काळी बुरशी हीच. गोळी फेका, जवस-लसूण खा.'

बुरशीपासून बनते हे अर्धं खरं आहे, म्हणून तर मेसेज पचतो. लोव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं औषध अ‍ॅस्परजिलस टेरियस नावाची बुरशी तयार करते. अमेरिकेत त्याला १९८७ साली मंजुरी मिळाली. पेनिसिलिनही बुरशीचंच. मग?

आता ते 'वाढणारं' एन्झाइम. त्याच बुरशीतलं लोव्हडी नावाचं एन्झाइम सिमव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचंच दुसरं औषध बनवायला वापरतात. लोव्हास्टॅटिनच्या रेणूची एक शाखा काढायची आणि तिथे दुसरी बसवायची. हे बसवण्याचं काम त्याचं. मग औषध शुद्ध करून वेगळं काढतात. मावशीला म्हटलं, तू खापरावर मांडे भाजतेस, ते खापर ताटात वाढतेस का? आणि एन्झाइम म्हणजे प्रथिन. त्याला ना बीज ना मूळ, वाढणार कुठून? चुकून पोटात गेलंच, तर वरणासारखं पचेल.

गंमत पुढेच आहे. पट्टी उलटी करून वाचली: अटोर्व्हास्टॅटिन. हे औषध बुरशीपासून काढतच नाहीत, रसायनशाळेत घडवतात. ज्या बुरशीला भिऊन गोळी बंद केली, तिचा त्या गोळीशी संबंधच नाही!

काळी बुरशी? तो म्युकर, वेगळं कुळ. पुढे चला.

त्रास कुणालाच होत नाही असं मी म्हणणार नाही. काहींचे स्नायू दुखतात, काहींची साखर थोडी वाढते, क्वचित लिव्हरच्या तपासणीत आकडे चढतात. ते डॉक्टरांना सांगायचं, डब्यामागे लपवायचं नाही. १९९४ साली स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. सुमारे साडेपाच वर्षांत औषध नसलेली, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी २५६ जण दगावले, सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांपैकी १८२. दोन्ही गट जवळपास सारखेच मोठे होते.

जवसाची चटणी कळण्याच्या भाकरीबरोबर मीही दोनदा मागून घेतली. गोळीऐवजी नाही.

मेसेज पाठवणाऱ्या भाचेजावयांना फोन केला. त्यांची स्वतःची बीपीची गोळी रोज सकाळी चालू आहे.