उसना छर्रा

आपल्याच ट्रॅक्टरच्या ब्रेकमधला छर्रा, म्हणजे पोलादी गोळी, आपल्यालाच उसना घ्यावा लागला, तोही समोरच्याला पोहे खाऊ घालून. गेल्या रविवारची गोष्ट. माझा राग अजून उतरलेला नाही.

वडिलांनी १९८६ साली घेतलेला ट्रॅक्टर. त्याचा डावा ब्रेक धरेना. शेताच्या कडेला वळताना एकाच बाजूचा ब्रेक दाबून गाडी जागेवर फिरवायची असते, म्हणून तर ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पॅडल. आमचं डावं दाबलं की ट्रॅक्टर सरळ बांध ओलांडून शेजाऱ्याच्या रानात. उघडून बघितलं तर तेल अडवणारं ऑइल सील गेलेलं आणि घासून ब्रेक धरणारं लायनर तेलात न्हालेलं. नव्या ट्रॅक्टरांचे ब्रेक मुळात तेलातच बुडवलेले असतात. आमचा जुना कोरड्या प्लेटांचा, त्याला तेलाचा थेंब सोसत नाही.

मिस्त्रीला फोन केला. मॉडेल ऐकून तो जरा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "मालक, काढून टाका की आता ते." कर्ज काढून नवीन घ्या असं सांगायला सगळे एका पायावर तयार, पण जुन्याला पाना लावायला कुणाला वेळ नाही. मग स्वतःच सोलापुरात जाऊन लायनर आणले. दुकानदारानं डोळे न उघडता सांगितलं, "सेमच हाय, बसतंय." घरी आणून बघितलं तर मधल्या खाचाच शाफ्टला जुळेनात. परत गेलो, तर त्यानं नुसतं बोटानं भिंतीवरची पाटी दाखवली: एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. बसत नसलेला माल विकावा की नाही, याबद्दल भिंतीवर काहीच नव्हतं. दुसऱ्या दुकानातून दुसरे आणले. पहिले लायनर माडीवर आहेत, कुणाला बसत असतील तर घेऊन जा.

आता या ब्रेकच्या पोटात काय असतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. बिडाच्या दोन चकत्या समोरासमोर. त्यांना उतरत्या खाचा आणि त्या खाचांत पोलादी छर्रे. पॅडल दाबलं की चकत्या एकमेकींच्या उलट फिरतात, छर्रे खाचेच्या उतारावर चढतात, चकत्या फाकतात आणि दोन्ही अंगांच्या लायनर प्लेटा घट्ट दाबतात. पाय काढला की स्प्रिंगा चकत्यांना पुन्हा जवळ ओढतात. बनवणाऱ्याला दंडवत. पण जुळवताना छर्रे खाचेत ठेवायचे, वरची चकती बसवायची आणि एका हातानं दाबून दुसऱ्या हातानं पक्कडीत स्प्रिंगचा आकडा ओढायचा. हे काम तीन हातांचं आहे. स्प्रिंग सुटली की कडब्यात जाते आणि छर्रे चौफेर.

तसे ते गेलेच. आणि नेमके तेव्हाच आप्पा आले.

आप्पा मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. मिल बंद होऊन कैक वर्षं झाली, आप्पांची पाळी अजून सुटलेली नाही. सोलापुरात पहिली गिरणी, जुनी मिल, १८७७ साली निघाली हे ते अशा थाटात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं पायाचा दगड यांनीच बसवला. त्यांनी घमेलं पालथं घातलं, त्यावर बसले आणि विचारलं, "काय करायलास बे?"

"ब्रेक जुळवतोय, आप्पा."

"मग उलटं कशाला बसवायलास?"

"सुलटंच आहे."

"आमच्या मिलमधी असं नव्हतं."

मिलमध्ये ट्रॅक्टर नव्हता, हे ओठांवर आलेलं मी गिळलं. छर्रे गोळा केले, मोजले. एक कमी. मग आप्पांनी बसल्या जागेवरून शोधकार्य चालवलं. कडबा उचल. ते पोतं झटक. चाकामागं बघ. मी पालथा पडून टॉर्च मारत होतो आणि वरून आवाज येत होता, "नीट बघ की बे, डोळे हायत ना?" शेवटी त्यांची नजर आमच्या तांबड्या कोंबडीवर थांबली.

"हिनं गिळलंय."

"कोंबडी लोखंड कशाला गिळेल?"

"चमकलं की गिळतंय ते. कापून बघ. छर्रा निघाला तर तुझा फायदा, नाही निघाला तर रस्सा हायच." आणि घराकडं तोंड करून आईला हाक, "वैनी, जरा काळं तिखट जास्त टाका!"

कोंबडीचा जीव वाचला तो तंबाखूच्या तलफेमुळं. आप्पांनी कमरेची चंची सोडली, तळहातावर झाडली. तंबाखू, चुन्याची डबी, सुपारीचं खांड आणि छर्रा. ग्रीस माखलेला, वर तंबाखू चिकटलेली.

"हाच तो!" मी ओरडलो.

"हा कसा असंल? हा मिलमधला हाय. मिल बंद पडली तवापासून वागवायलोय."

"मग याला ताजं ग्रीस कसं?"

आप्पा शांतपणे म्हणाले, "चांगल्या मालाचं ग्रीस सुटत नसतंय."

यावर काय बोलणार? मी खाच दाखवली, दुसरा छर्रा शेजारी धरून दाखवला. आप्पा म्हणाले, गोल वस्तू सगळ्या सारख्याच दिसतात. आई बाहेर आली. मला वाटलं न्याय मिळेल. ती मला म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाशी वाद घालतोस?" आणि त्यांना म्हणाली, "आप्पा, पोहे टाकलेत." दुसऱ्या बशीनंतर आप्पांचं मन विरघळलं. "घे. उसना देतोय. काम झालं की परत आणून दे."

"ब्रेकमध्ये बसवलेला छर्रा परत कसा देणार?"

"ते तू बघ."

डिझेलमध्ये धुऊन, तंबाखू-चुना काढून, छर्रा खाचेत बसला. या वेळी चकती आप्पांनी धरली, आणि खरं सांगायचं तर इतकी पक्की धरली की स्प्रिंगांचे आकडे चटाचट बसले. जॉबरचा हात. ते कबूल करायला माझं अजून तोंड उघडत नाही.

रस्त्यावर काढून बघितला. दोन्ही पॅडलं एकत्र जोडणारं लॉक घालून एकदम दाबली, तर गाडी डावीकडं ओढ खायला लागली; म्हणून डाव्या पॅडलकडून ब्रेककडं जाणारा रॉड थोडा ढिला केला. आप्पा मडगार्डवर बसून म्हणाले, "कशाला एवढी बारीकसारीक? ऊसवाली पोरं ब्रेक कुठं बघत्यात?"

हेच तर दुखणं आहे. गळीत हंगामात आमच्या रस्त्यावर रात्री उभं राहून बघा. एका ट्रॅक्टरमागं उसाच्या दोन ट्रॉल्या, आणि एवढा डोलारा थांबवायला ब्रेक फक्त ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना. कित्येक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नाही, मागं लाल दिवा नाही, साधं रिफ्लेक्टर नाही. स्पीकर मात्र नवाकोरा. तो कधी बंद पडल्याचं ऐकिवात नाही. आणि अशा रस्त्यावर ब्रेक उघडून बसणारा मी गावाला रिकामटेकडा वाटतो.

आप्पांनी पारावर सांगून ठेवलंय की याचा ट्रॅक्टर माझ्या छर्र्यावर थांबतोय. परवा भेटले तर विचारत होते, उजवी बाजू कधी उघडायलास? उघडायचीय, तिकडचं सीलही पाझरतंय. दार लावून, कुणाला न सांगता उघडीन म्हणतो. पण आमच्या शेडला दारच नाही.