सम येईपर्यंत

ग्वाल्हेरच्या माणसाला "मला गाण्यातलं काही कळत नाही" असं म्हणायची सोय नाही. पुण्या-नागपूरकडचे पाहुणे आले की आधी किल्ला बघतात, मग गजक म्हणजे तीळ-गुळाची खुसखुशीत मिठाई घेतात आणि मग चहा पिता पिता विषय काढतात, की तुमचं काय बुवा, तुमच्याकडे तर गाण्याचं घराणंच आहे. आपण पण मग डोळे अर्धे मिटून हो हो करतो. वास्तविक माझ्या गळ्यातून आजवर निघालेला सगळ्यात तयारीचा स्वर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून भाजीवाल्याला मारलेली हाक. पण गावाचं नाव कशाला खराब करा, म्हणून गप्प बसतो.

ही गप्प बसायची सवय खरी कामाला येते ती ताईच्या मुलीच्या गाण्याच्या क्लासचा वार्षिक कार्यक्रम असतो तेव्हा. बारसं चुकवता येतं, लग्नाला आहेर पाठवून भागतं, पण भाचीच्या गाण्याला मामा आला नाही हे आमच्या घरात पुढची सगळी दिवाळी-राखी पुरतं. त्यात हे सगळं जानेवारीत. ग्वाल्हेरची जानेवारी ज्यांनी बघितली नाही त्यांना काय सांगू, हॉलमध्ये बसलेले सगळे लोक स्वेटर, त्यावर कोट, त्यावर शाल, कानाला मफलर असे, म्हणजे गाणं ऐकायला आलेत पण कान घरूनच बंद करून आणलेत.

भाचीची तयारी जोरदार होती. तिच्या आजीने म्हणजे ताईच्या सासूबाईंनी सकाळीच कुणाला तरी हजीऱ्याला पिटाळून तानसेनच्या समाधीजवळच्या चिंचेची पानं आणवली. ती पानं चावली की गळा सुरेल होतो असं आमच्याकडे पिढ्यानपिढ्या सांगतात आणि मोठमोठ्या गवयांनी ती श्रद्धेने चावलेली आहेत, त्यामुळे यावर वाद नाही. पण ऐन थंडीत, उपाशीपोटी, मूठभर चिंचेचा पाला! दुपारपर्यंत पोरीचा घसा असा खवखवायला लागला की मुलेठी, मध, आलं, गरम पाण्याच्या गुळण्या, सगळं झालं. सासूबाईंचं म्हणणं, पानं कमी पडली.

पाचचा कार्यक्रम साडेसहाला सुरू झाला. साउंडवाला लग्नाच्या वरातीतला होता, त्याने आल्या आल्या माइकला इको लावला. आता इको म्हणजे गाणाऱ्याने 'सा' लावला की मागून आणखी दोन-तीन 'सा' येणार, त्यात पहिला जर घसरलेला असेल तर तो घसरलेला माल आपल्याला तीन-तीनदा मिळणार. गुरुजींनी विंगेतून हातवारे केले, त्याला वाटलं वाढवा म्हणतायत, त्याने वाढवला.

आधी छोट्या मुलांचं सरगमगीत झालं. पंधरा-वीस पोरं, त्यातली चार गात होती, बाकीची आईला शोधत होती. आया विंगेत. ग्वाल्हेर घराण्याची एक गोष्ट सांगतात, की हद्दू खाँ आणि हस्सू खाँ या भावांनी दरबारात बडे मोहम्मद खाँ या गवयाचं गाणं पडद्याआड लपून ऐकलं आणि त्यांची अवघड तानबाजी तशीच्या तशी उचलली. आमच्याकडे पडद्याआडची ती परंपरा आता पालकांनी चालवलीय. प्रत्येक मुलाची आई पडद्यामागून ओठ हलवत शब्द सांगत असते, एक हात मांडीवर ठेका धरून, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि पोरगं प्रेक्षकांकडे पाठ करून तिच्याकडेच बघून गातं.

मग सोलो. आणि सोलोत भूप राग. त्यानंतरच्या मुलीचा भूप. तिच्यानंतरच्या मुलाचा पण भूपच. शिकवणारे तरी काय करतील, भूपात सा रे ग प ध असे पाचच स्वर, मध्यम (म) आणि निषाद (नी) वर्ज्य, म्हणजे केदारासारख्या रागात ज्याचा मान मोठा त्या मध्यमाला इथे प्रवेशच नाही, नवीन पोरांना सोपा म्हणून देतात. पण सोपा-बिपा काही नसतो. पाच स्वरांच्या रागात चुकायला जागा नसते, लगेच दिसतं. धैवतावर (ध) जरा जास्त रेंगाळलात की देसकार राग शेजारीच उभा आहे, स्वर तेच पाच. आणि जो स्वर लावायचा नाही असं सर वर्षभर सांगतात, नेमका तोच स्टेजवर चढल्यावर आठवतो.

माझ्या शेजारी एक आजोबा बसले होते. बंद गळ्याचा कोट, लोकरीची टोपी, मांडीवर काठी आडवी. हे आजोबा ग्वाल्हेरात प्रत्येक कार्यक्रमाला असतात, ते कुणाचे आजोबा आहेत हे कुणालाच माहीत नसतं. त्यांनी ग्वाल्हेर घराण्याचे थोर गवई कृष्णराव शंकर पंडित यांना समोर बसून ऐकलंय, आणि हे ते आपल्याला पहिल्या दहा मिनिटांत सांगतात. पंडितजी गेले १९८९ साली, त्यानंतर आजोबांनी ऐकलेलं सगळं गाणं त्यांच्या मते 'ठीक आहे' या खात्यात जातं. त्यांचा उजवा हात काठीवर आणि अंगठा बोटांच्या पेरांवर मात्रा मोजत फिरतो, अखंड. कुणी सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, चुकलं की अंगठा थांबतो. तोंडाने एक शब्द नाही. तो थांबलेला अंगठा बघायला मला इतकी भीती वाटायला लागली की मी मधून मधून स्टेज सोडून त्याच्याकडेच बघत होतो.

आणि हे बघता बघता मला एक गोष्ट लक्षात आली, जी मी तिथे कुणाला बोलून दाखवली नाही. मोठ्या गवयाच्या मैफलीत आपल्याला काळजी नसते. तो तिन्ही सप्तकांत फिरून, पार भलतीकडे जाऊन समेवर येणार हे तिकीट काढतानाच ठरलेलं असतं. आपण ती तेवढी 'वाह' करायची आणि शाल सारखी करायची. पण बारा वर्षांचं पोरगं पाठ केलेली आठ मात्रांची तान घेऊन निघालं की सबंध हॉलचा जीव टांगणीला लागतो. त्रितालाच्या सोळा मात्रा, नवव्या मात्रेला खाली (म्हणजे टाळी न वाजवता हात नुसता उडवायचा ती मात्रा), तिथून बंदिशीचा मुखडा म्हणजे सुरुवातीचे बोल उचलायचे आणि समेवर यायचं, एवढंच काम. पण तान सहाव्या मात्रेलाच संपली तर? दहाव्यापर्यंत गेली तर? खुर्च्यांवरचे सगळे पुढे सरकतात, आया श्वास धरतात, हार्मोनियमवाले सर मुखड्याचे स्वर जरा जोरातच वाजवून वाट दाखवतात, आणि पोरगं कसंबसं येऊन समेवर आदळलं की जी टाळी पडते ती तशी मी तानसेन समारोहात पण ऐकलेली नाही. आता याला संगीत म्हणायचं की नाही तो प्रश्न वेगळा, पण डुलकी लागत नाही.

सगळ्यात थोर माणूस अर्थातच तबलजी. मुलांच्या कार्यक्रमात तबलजी साथ करत नसतो, बचावकार्य करत असतो. पोरगी एक मात्रा आधी आली की हा एक मात्रा गाळतो, उशिरा आली की एक वाढवतो, चेहऱ्यावर काही नाही, आणि समेचा 'धा' बरोब्बर तिच्या पायाशी नेऊन ठेवतो. आजोबांना ते कळतं. त्या वेळी त्यांचा अंगठा थांबत नाही, फक्त मिशी हलते.

मध्ये एका मुलाचा तबला सोलो झाला. पेशकार, कायदा, रेला, सगळं धडाधड, हात खरंच चांगला होता, आणि शेवटी तिहाई. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून तिसऱ्याचा शेवटचा 'धा' समेवर. याचा तिसरा 'धा' पडला तेव्हा लेहरा, म्हणजे हार्मोनियमवर ताल दाखवत फिरणारी धून, अजून कुठेतरी मागेच होता. पोराने हार्मोनियमकडे बघितलं, सरांकडे बघितलं, आणि काय वाटलं कोण जाणे, शांतपणे तुकडा चौथ्यांदा वाजवला. बरोब्बर समेवर! टाळ्या. आजोबांनी माझ्याकडे बघून पहिल्यांदाच तोंड उघडलं, म्हणाले, "चौहाई."

सतार वाजवणारा मुलगा आला तो तारा मिळवायलाच बसला. मुख्य तारा, मग चिकारी, मग खालच्या तरफा एकेक करून, थंडीने सगळं उतरलेलं, हा खुंटी पिळतोय आणि लोक मान डोलावतायत. पाचेक मिनिटांनी तो थांबला तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. हसू नका, १९७१ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रविशंकरांच्या बाबतीत हेच झालं होतं, आणि ते लोकांना म्हणाले होते की वाद्य मिळवणंच इतकं आवडलं तर वादन आणखी आवडेल अशी आशा आहे. आमच्या मुलाने तसलं काही म्हटलं नाही, त्याने द्रुत लयीतली रजाखानी गत सुरू केली आणि दुसऱ्याच आवर्तनाला बाजाची, म्हणजे वाजवायची मुख्य तार तुटली. म्हणजे टाळ्या मिळवण्यालाच वाजवल्या ते बरंच झालं.

मग अँकरने भाचीचं नाव पुकारलं. भाची आली, नमस्कार केला, तानपुरा घेतला, 'सा' लावायला तोंड उघडलं, आणि एवढ्यात कळलं की प्रमुख पाहुण्यांना दुसरीकडे जायचंय तर त्यांचे दोन शब्द आत्ताच घेऊ. दोन शब्द राजा मानसिंह तोमरापासून सुरू झाले. मानसिंह १४८६ ला गादीवर आला, धृपदाला त्याने कसा आश्रय दिला, तिथून तानसेन, तिथून दौलतराव शिंदे, तिथून हद्दू-हस्सू खाँ, मग वासुदेवबुवा जोशी, त्यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी हे गाणं महाराष्ट्रात कसं नेलं, ते काही सोडेनात. हे सगळं खरंच होतं, एरवी मी आवडीने ऐकलं असतं. पण पोरगी मागे मांडी घालून, तानपुरा कवटाळून बसलेली, एका पायाला मुंग्या आलेल्या स्पष्ट दिसत होत्या, आणि जिजाजींचा व्हिडिओ पहिल्या नमस्कारापासून चालूच होता. पाहुणे १९१८ ला आले, भातखंड्यांनी माधव संगीत विद्यालय सुरू केलं तिथे, तेव्हा जिजाजींचा मोबाइल मेमरी फुल म्हणून बंद पडला. त्यांनी घाईघाईने आमच्या लग्नाचे फोटो डिलीट केले असं नंतर कळलं. पाहुणे शेवटी म्हणाले, की वेळेअभावी थांबतो.

भाची गायली. भूपच. आवाज जरा घोगरा, चिंचेची कृपा, पण सूर धरून होती. बंदिशीची स्थायी, अंतरा, दोन्ही व्यवस्थित मांडले, आलाप पण झाले. पहिली तान गेली, आली, समेवर. दुसरी गेली, आली. ताईने माझा हात इतका घट्ट धरला होता की माझी पण दोन बोटं बधिर झाली. तिसऱ्या तानेत ती वर चढली, आणि उतरताना, प-ग ऐवजी, मधला तो एक स्वर, ज्याला या रागात कुणी बोलावलेलं नव्हतं, तो आला. नुसता आला नाही, त्याच्यावर ती चांगली अर्धी मात्रा थांबली. मध्यम! बरं, दुसऱ्या एखाद्या गावात खपून गेला असता, आमच्याकडे सबंध हॉलमधून एक 'च्च' असा आवाज निघाला आणि त्यानंतर साउंडवाल्याच्या इकोमधून तोच मध्यम आणखी तीनदा सगळ्यांना परत ऐकवला गेला. आजोबांचा अंगठा पेरावर तसाच. तबलजी मात्रा सांभाळतात, स्वराला ते तरी काय करणार. पण पोरगी थांबली नाही, तिने डोळे मिटले, मुखडा उचलला आणि समेवर आली. मी टाळ्या वाजवायला गेलो तर बोटं हलेनात.

शेवटी गुरुजी स्वतः बसले. तिलवाडा तालातला ख्याल, अगदी खास आपल्याकडची चाल, ना फार संथ ना घाईची, एक स्वर इकडचा तिकडे नाही. इको पण त्यांनी आधी बंद करायला लावला. सुंदर गायले. आणि मी, खरं सांगतो, तिसऱ्या-चौथ्या आवर्तनाला मोबाइल काढून उद्याचं तापमान बघत होतो. आजूबाजूला पण तेच, कुणी कोटाची बटणं लावतंय, कुणी चपला शोधतंय, आया पोरांना मेकअप पुसून देतायत. गुरुजी समेवर येणारच होते.

बाहेर चहा आणि गजक होतं. कार्यक्रमानंतरच्या या चहाचे शब्द ठरलेले असतात, ते ज्याला येत नाहीत त्याने सरळ घरी जावं. 'आवाजाला गोडवा आहे' म्हणजे तालाचं काही विचारू नका. 'मेहनत दिसते' म्हणजे तेवढीच दिसते. 'हिला पुढे चालू ठेवू द्या' हे सगळ्यात बरं, त्यात आजच्याबद्दल काहीच नसतं. मी मेहनत आणि गोडवा दोन्ही वाटत फिरत होतो, इतक्यात भाची शाल गुंडाळून आली आणि हळूच विचारलं, "मामा, तो तिसऱ्या तानेत जरा हा झाला ना... कळला का रे कुणाला?"

"छे गं," मी म्हटलं, "कुणाला काय कळतंय त्यातलं."

तेवढ्यात आजोबा काठी टेकत टेकत नेमके आमच्याकडेच आले. तिच्या डोक्यावर हात ठेवला, खिशातून एक गजकाचा तुकडा काढून तिच्या हातावर ठेवला, आणि म्हणाले, "बेटा, मध्यम फार सुरेल लागतो तुझा. पुढच्या वर्षी केदार घे."