‘मोक्याची जागा’ म्हणे!

आज सकाळी एका ग्रुपवर कुणीतरी ज्ञान पाजळलं. "कोल्हापूरचं जळालेलं केशवराव भोसले नाट्यगृह परत जसंच्या तसं कशाला पाहिजे? एवढी मोक्याची जागा! खाली गाळे काढा, वर एसी हॉल. लग्नालापण देता येईल." खाली चार अंगठे. त्यातले दोन चक्क कोल्हापूरकरांचे! चहा कडू झाला राव.

लग्नाला? अरे, शाहू महाराज 1902 साली युरोपला गेले, रोमची ती रंगशाळा बघून आले, आणि इथं कुस्तीसाठी खासबाग मैदान नि त्याला लागूनच नाटक-गाण्यासाठी पॅलेस थिएटर, म्हणजे हेच नाट्यगृह, उभं केलं. 1915 ला पडदा उघडला. पैलवान आणि गवई शेजारी-शेजारी! तो माणूस काय गाळ्यांचं भाडं मोजत बसला होता?

मी शाळेत असताना आत्ती मला तिथं संगीत नाटकाला घेऊन गेली. बाल्कनीतलं स्वस्तातलं तिकीट. दुसऱ्या अंकात ऐन पदात वीज गेली. दिवे गेले, माइक गेला. मी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तर आत्तीनं मांडीवर चापट दिली. कारण बाई गातच होत्या. तान सोडा, तानेआधी घेतलेला श्वास, ऑर्गनच्या भात्याची फुसफुस, सगळं वरपर्यंत येत होतं. पद संपलं आणि अंधारातनंच आरोळी, "वन्स मोअर!"

रंगमंचाखाली पाण्याचा आड आहे, म्हणून आवाज घुमतो, असं जुनी माणसं सांगायची. आडाचं श्रेय किती नि बांधणाऱ्याचं किती, ते इंजिनियर लोकांनी ठरवावं. तो श्वास माझ्यापर्यंत पोचला होता, बास.

1957 साली ज्यांचं नाव या थिएटरला दिलं, ते गायक-नट केशवराव अवघ्या 31 व्या वर्षी गेले. गेले त्याच साली, 1921 ला, मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ते बालगंधर्वांसमोर ‘संयुक्त मानापमान’ नाटकात नायक धैर्यधर म्हणून उभे राहिले होते. तेव्हा कुठला साउंडवाला होता? आणि आज गायकापेक्षा मिक्सरवर बसलेला पोरगा मोठा! पहिल्या रांगेत कान बधिर, शेवटच्या रांगेत नुसता गोंगाट.

नव्या हॉलमध्ये खुर्ची मऊ असते, गाडी लावायला जागा असते. असूदे की.

8 ऑगस्ट 2024 ची रात्र आठवते ना? दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती, आणि इकडं रंगमंच, छत, सगळं जळत होतं. दगडी भिंती तेवढ्या राहिल्या. मी मोबाइलवर ज्वाळा बघत होतो. आत्तीला फोन करायचं धाडस होईना. शेवटी तिचाच आला. "आपली बाल्कनी गेली काय रं?" एवढंच विचारलं तिनं. मला बोलता येईना.

जाऊदे. चिडून लिहायला बसलो होतो, आता राग उतरला.

एसी लावा, आग विझवायची यंत्रणा तर लावाच लावा, खुर्च्या हव्या तेवढ्या मऊ करा. फक्त उद्घाटनाची भाषणं व्हायच्या आधी सगळे माइक बंद करून एखाद्या गायिकेला एक पद म्हणू द्या. आम्ही बाल्कनीत शेवटच्या रांगेत बसतो. आत्तीचे गुडघे गेलेत, पण तिला जिना चढवून आणायचं काम माझं. ऐकू आलं की नाही, ते ती सांगेल.