'धडधाकट माणसांना घाबरवू नका' म्हणणाऱ्या काकांना

नमस्कार काका,

तुम्ही स्पष्ट लिहिलंत याबद्दल आभार. तुमचे आक्षेप अनेकांच्या मनात असतात, म्हणून सविस्तर उत्तर देते. इतरांसाठी थोडक्यात सांगायचं तर मी असं लिहिलं होतं: आई, वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर त्रास सुरू होण्याची वाट न बघता चाळिशीतच कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची आतून तपासणी, करून घ्यावी. तुमचं म्हणणं असं की युरोपात ऐंशी हजारांवर लोकांच्या अभ्यासात या तपासणीने मृत्यू घटले नाहीत. आपल्या भाजी-भाकरीच्या माणसांत हा आजार मुळात कमी आहे. काही होत नसताना दुर्बीण घालणं हा रुग्णालयांचा धंदा आहे. आणि घरातला कॅन्सर असा चव्हाट्यावर आणला तर मुलींची लग्नं जमायची कशी? शेवटी तुम्ही स्वतःबद्दल लिहिलंत: धाकटा भाऊ पाच वर्षांपूर्वी ४८व्या वर्षी आतड्याच्या कॅन्सरने गेला, ताई त्याआधीच गर्भपिशवीच्या आजाराने गेली, तुम्ही मात्र ६४व्या वर्षी ठणठणीत आहात, आणि सध्या भावाच्या मुलीसाठी स्थळं बघता आहात.

आधी तो अभ्यास. तो २०२२ साली प्रसिद्ध झाला. पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधल्या ५५ ते ६४ वयाच्या लोकांपैकी काहींना तपासणीचं निमंत्रण पाठवलं, बाकीच्यांना नाही. निमंत्रण आलेल्यांपैकी प्रत्यक्ष कोलोनोस्कोपी केली फक्त ४२ टक्क्यांनी. तरी सगळा निमंत्रित गट धरून दहा वर्षांत कॅन्सरचं प्रमाण १८ टक्क्यांनी कमी भरलं. मृत्यूंमध्ये ठोस फरक दिसला नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण ज्यांनी तपासणी केलीच नाही, त्यांचे मृत्यू तिने कसे टळणार? शिवाय ही सर्वसामान्य माणसं होती, घरात कॅन्सर आहे म्हणून निवडलेली नव्हती. तो आकडा तुमच्या घराला लावता येत नाही.

भारतात हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे, हेही मान्य. म्हणूनच आपल्या सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी होते, आतड्याची नाही, आणि मला ते योग्यच वाटतं. सरसकट सगळ्यांनी कोलोनोस्कोपी करावी असं मी कधीच म्हटलेलं नाही. पण देशाची सरासरी कमी असली म्हणून एखाद्या घराची जोखीम कमी होत नाही. सख्ख्या नात्यात एकाला हा कॅन्सर झाला असेल तर बाकीच्यांचा धोका साधारण दुप्पट होतो, आणि त्या माणसाला तो तरुण वयात झाला असेल तर त्याहून जास्त. भाकरी खाणं चांगलंच, पण रक्तातून आलेला दोष ती दुरुस्त करत नाही.

नियम असा: नातेवाइकाला साठीच्या आत निदान झालं असेल, तर चाळिसाव्या वर्षी किंवा त्याच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा पहिली तपासणी, आणि मग दर पाच वर्षांनी. मोजायचं ते निदानाचं वय, मृत्यूचं नव्हे. तुमच्या भावाला ४६व्या वर्षी कळलं असेल, तर त्याच्या मुलांसाठी आकडा ३६ होतो. आणि हा नियम सख्ख्या भावालाही लागू आहे, म्हणजे तुम्हालाही.

पण काका, तुमच्या प्रतिक्रियेत मी सगळ्यात जास्त थांबले ते ताईंच्या उल्लेखापाशी. १८९५ साली अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर इथे, एका शिवणकाम करणाऱ्या बाईने डॉ. आल्ड्रेड वॉर्थिन यांना सांगितलं होतं की मीही लवकरच जाणार, आमच्या घरात सगळे पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरनेच जातात. ती पुढे गर्भाशयाच्याच कॅन्सरने गेली. वॉर्थिननी तिच्या घराण्याची नोंद १९१३ साली छापली. पुढे डॉ. हेन्री लिंच यांनी अशा घराण्यांचा आयुष्यभर पाठपुरावा केला, आणि या आनुवंशिक दोषाला आज लिंच सिंड्रोम म्हणतात. पेशी विभागताना डीएनएत होणाऱ्या चुका दुरुस्त करणारी जी जनुकं असतात, त्यांतलं एक बिघडलेलं असतं. आतडं आणि गर्भाशयाचं अस्तर या दोन जागा त्यात सर्वाधिक सापडतात.

ताईंचा 'आजार' नेमका काय होता हे तुम्ही लिहिलेलं नाही. फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली कॅन्सर नसलेली गाठ, असेल तर त्याचा इथे संबंध नाही, गर्भाशयमुखाचा कॅन्सर असेल तर तोही वेगळा. पण अस्तराचा कॅन्सर असेल, तर तुमच्या घरात लिंचची शंका घ्यावी लागते, आणि तो निघाला तर ३६ वगैरे वर दिलेलं गणित बाजूला ठेवा. लिंच असलेल्यांची कोलोनोस्कोपी वयाच्या २० ते २५व्या वर्षीच सुरू होते आणि दर एक-दोन वर्षांनी करावी लागते, कारण त्यांच्यात पॉलिपचा, म्हणजे आतड्याच्या आत उगवणाऱ्या मांसल कोंबाचा, कॅन्सर व्हायला एरवीसारखी दहा वर्षं लागत नाहीत. तुमची पुतणी आज त्याच वयाच्या आसपास असणार.

आता लग्नाचं. तुमची काळजी खरी आहे, मी ती उडवून लावत नाही. पण झाकाझाकीने काय होतं तेही बघा. आपल्याकडे 'पोटाचं दुखणं', 'आतड्याला गाठ', 'कावीळ उलटली' एवढ्यावरच विषय संपतो. सासरी गेलेल्या मुलीला माहेरचं अर्धंच कळतं, आणि डॉक्टरांनी 'घरात कुणाला आहे का?' विचारलं की ती सासरच्यांचं सांगते. माझ्या आईच्या बाबतीत हेच झालं. शौचातून रक्त पडत होतं तेव्हा वर्षभर मूळव्याध म्हणून मलमं लावली. तिची मावशी याच आजाराने गेली होती हे आम्हाला ऑपरेशननंतर कळलं. स्थळाला पहिल्या भेटीत काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण निदान त्या मुलीला स्वतःला तरी माहीत असू दे. शिवाय घरातला दोष एकदा नक्की झाला, की प्रत्येक मुलाची चाचणी होऊ शकते. आईवडिलांपैकी एकात तो असेल तर मुलात येण्याची शक्यता निम्मी. ज्याच्यात नाही त्याला इतरांसारखंच जगता येतं, सारख्या तपासण्या नकोत. त्या मुलीच्या मानेवरचं ओझं उतरायचा तोही एक मार्ग आहे.

तपासणीची भीती वाटते तेवढी ती वाईट नाही. आदल्या दिवशीचं जुलाबाचं औषध त्रासदायक असतं, ते मी लपवणार नाही. नारळपाणी, गाळलेलं सूप चालतं. कोकम सरबत चालत नाही, लाल रंग आतून रक्तासारखा दिसतो. आतड्याला भोक पडण्याचा धोका हजार तपासण्यांमागे एकाहूनही कमी. माझ्या भावाला चाळिशीत एक पॉलिप निघाला, अळंबीसारखा देठावर. तारेचा फास टाकून तिथल्या तिथे कापला, संध्याकाळी तो घरी होता. बायोप्सीत ॲडिनोमा आला, म्हणजे कॅन्सर होण्याआधीची पायरी. पैशांबद्दल तुमचा संशय रास्त आहे, म्हणून आधीच विचारा: दुर्बिणीचे किती, पॉलिप काढावा लागला तर किती, बायोप्सीचे किती. सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयांत हाच खर्च बराच कमी येतो.

आता एक काम करा. भावाची फाइल शोधा. त्यात ऑपरेशननंतरचा पॅथॉलॉजी रिपोर्ट असेल. त्यावर एमएमआर चाचणीचा उल्लेख आहे का बघा; डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी ती जनुकं गाठीत काम करत होती का, हे तिच्यातून कळतं. नसेल तर रिपोर्टवरचा नंबर घेऊन त्या लॅबकडे मेणाचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला गाठीचा तुकडा, मागा. पाच वर्षांपूर्वीचा ब्लॉक बहुधा जपलेला असतो आणि त्यावर ही चाचणी अजूनही होते. ताईंचे कागद तिच्या मुलांकडे असतील, तेही मागवा. मग सगळं घेऊन आनुवंशिक कॅन्सरचा सल्ला देणाऱ्या डॉक्टरांकडे जा. मुंबईत टाटा मेमोरियलचं कॅन्सर जेनेटिक्स क्लिनिक आहे. आणि तुमची स्वतःची कोलोनोस्कोपी त्या निकालासाठी थांबवू नका, तिची तारीख आधी घ्या. रिपोर्टमधली भाषा कळली नाही तर नाव झाकून मला पाठवा, कुठली ओळ महत्त्वाची ते मी सांगते.